पंचवीस टक्के कुणी लिहिले?

“इंटेलेक्च्युअल डिसॅबिलिटी,” डॉक्टर म्हणाले आणि खाली मान घालून लिहायला लागले. माझ्या मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता. हे माझ्याकडे बघून का बोलत नाहीत, असं वाटलं. काहीतरी लपवताहेत.

ते काही लपवत नव्हते. बाहेरच्या बाकांवर अजून वीस-बावीस आया मुलं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि डॉक्टर एकटेच होते.

इंटेलेक्च्युअल डिसॅबिलिटी म्हणजे बौद्धिक अक्षमता. मुलाची समज, शिकणं, रोजची साधी कामं करणं, हे सगळं वयाच्या मागं राहतं. गोळ्या-औषधांनी ते भरून निघत नाही. शिकवून शिकवून जेवढं येईल तेवढं येतं. रेवा पाच वर्षांची होईपर्यंत तिच्या फायलीवर ‘ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले’ असं लिहिलेलं होतं, म्हणजे सगळ्याच बाबतींत वाढ उशिरा. त्या ‘डिले’ शब्दावर मी दोन वर्षं काढली. उशिरा का होईना, येणार, असा मी त्याचा अर्थ लावला होता. पाचवं संपलं आणि डॉक्टरांनी तो शब्द बदलला.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला राहते, शाळा तिथून जवळच्या गावात. नवरा, हरी, सुतारकाम करतो. घरात सासूबाई आहेत, त्यांना आम्ही सगळे आत्याबाई म्हणतो. ज्यांच्या घरी रेवासारखं मूल आहे त्यांनी हे वाचावं म्हणून लिहिते आहे. डॉक्टर आजार सांगतात, पण पुढं कोणत्या खिडकीवर जायचं ते कुणी सांगत नाही. मात्र आधीच सांगून ठेवते, मी स्वभावानं संशयी आहे. दूधवाल्यानं माप भरून वर थोडं जास्त घातलं, तर मी त्यात पाणी शोधते.

रेवा दीड वर्षाची झाली तरी बसवलं तिथंच बसायची. हाक मारली तरी वळून बघायची नाही. आत्याबाई म्हणायच्या, “कशापायी जिवाला घोर लावून घेतीस? हरी बी तीन वर्साचा हुईस्तवर बोलला न्हवता.” मला वाटायचं, या आपल्या खानदानावर येऊ नये म्हणून बोलताहेत. मग तिला झटके यायला लागले. डोळे एकीकडे फिरायचे, हात ताठ व्हायचे, एवढंच, पण बघणाऱ्याच्या काळजाचं पाणी व्हायचं.

सोलापूरला नेलं. ईईजी झाला. ईईजी म्हणजे डोक्याला तारा चिकटवून मेंदूतल्या विजेची नोंद घेतात. एमआरआय झाला. एमआरआय म्हणजे मेंदूचे आतून फोटो. तपासण्या लिहून देताना डॉक्टरांना कमिशन मिळतं हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणजे कुणीतरी सांगितलेलं होतं. एमआरआय नॉर्मल आला तेव्हा आनंद व्हायला हवा होता. मला वाटलं, मशीन खराब असेल. गोळीनं झटके आटोक्यात आले. मागं पडलेली वाढ मात्र मागंच राहिली.

सोलापूरच्याच डॉक्टरांनी सांगितलं, की धाराशिवला सरकारी रुग्णालयात लहान मुलांसाठी अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर आहे. म्हणजे वाढ मागं पडलेल्या मुलांना लवकर गाठून शिकवायचं केंद्र. बोलायला शिकवणारे, हातापायांचे व्यायाम घेणारे, मानसशास्त्रज्ञ, सगळे एकाच छताखाली, आणि फुकट. फुकट म्हटल्यावर माझे कान टवकारले. पहिले दोन महिने मी प्रत्येक सही करण्याआधी कागद तीनदा वाचला. मुलांवर कसले प्रयोग तर करत नाहीत ना, असं मी एका बाईंना तोंडावर विचारलं होतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला आत बसवून घेतलं आणि पूर्ण तास बघू दिलं.

मंगळवार आणि शुक्रवार, तेरहून एसटीनं जायचं. आठ महिन्यांनी रेवा ‘पानी’ म्हणाली. पेला दाखवला की ‘पानी’. हरी त्या दिवशी रंधा बाजूला ठेवून अंगणात येऊन बसला आणि तिला दहा वेळा पेला दाखवला. दहाव्या वेळी ती चिडली, तेही आम्हाला आवडलं.

आणि मग बदल्यांचं वारं सुटलं.

माझी या भागातली वर्षं भरली होती. यादीत नाव येणार हे नक्की होतं आणि रिकाम्या जागा दिसत होत्या त्या लोहारा तालुक्यात. तिथून आठवड्यातून दोनदा, झटके येणाऱ्या मुलीला घेऊन, शाळा सांभाळून धाराशिवला येणं होणार नव्हतं. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, “आता खंड पडला तर मिळवलंय ते बी जाईल.” एक शब्द हातात आला होता. तोही जाणार होता.

ज्याचं मूल दिव्यांग आहे त्या शिक्षकाला बदलीतून सूट मागता येते. त्यासाठी मुलाचं दिव्यांग प्रमाणपत्र लागतं, आणि त्यावर चाळीस किंवा त्याहून जास्त टक्के लागतात. हे मला चांगलं माहीत होतं. कारण अशी सूट घेणाऱ्यांना आम्ही शिक्षक मंडळी मधल्या सुट्टीत काय काय म्हणतो, त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा असायचा. “अमक्याच्या पोराला काय झालंय? चांगलं पळतंय की.” आमच्या शाळांच्या केंद्रातल्या जगताप सरांनी मुलीच्या नावावर सूट घेतली, तेव्हा त्यांच्याविरुद्ध निनावी अर्ज गेला. आमच्याकडं निनावी अर्जाची प्रथाच आहे. समोर नमस्कार करायचा आणि मागं अर्ज टाकायचा. त्या अर्जाचा मजकूर मी घातला होता. मराठी चांगलं म्हणून सगळ्यांनी मलाच बसवलं. सरांची मुलगी मी कधी बघितलीसुद्धा नव्हती.

आता माझी पाळी होती.

प्रमाणपत्रासाठी सरकारी पोर्टलवर अर्ज भरायचा. मग तारीख मिळते, त्या दिवशी मुलाला घेऊन जायचं. युडीआयडी म्हणतात त्याला, म्हणजे दिव्यांग व्यक्तीचं देशभर चालणारं ओळखपत्र. अर्ज मोबाइलवरून स्वतः भरता येतो. मी भरला. रुग्णालयाच्या फाटकाजवळ रेक्झिनची पिशवी घेतलेला एक माणूस दर खेपेला भेटायचा. “मॅडम, टक्का किती बसवायचा तेवढं बोला. बाकी माज्याकडं लागलं.” मी त्याला हाकलून दिलं. त्यात माझा प्रामाणिकपणा होता असं कुणी समजू नये. हा मलाच गंडवेल, अशी भीती होती.

तारखेला तीन आठवडे होते. केंद्रात येणाऱ्या एका आईकडून कळलं, की तिथं लाकडी पाट असतो. त्यात गोल, चौकोन, चांदणी अशा खाचा असतात आणि मुलानं ठोकळे त्यात बसवायचे असतात. फॉर्म बोर्ड म्हणतात त्याला. मुलाची समज किती वयाची आहे ते त्यावरून काढतात. मी हरीला सांगितलं, “असा पाट कर.” त्यानं सागवानाच्या तुकड्यांतून दोन दिवसांत केला, कडा घासून गुळगुळीत. रोज संध्याकाळी मी रेवाला घेऊन बसायचे. मी शिक्षिका. परीक्षा म्हटली की तयारी, त्याशिवाय माझं डोकं चालतच नाही. तिच्या हातावर हात ठेवून शेकडो वेळा ते ठोकळे बसवले.

आत्याबाई बघायच्या. एकदा म्हणाल्या, “अगं, लेकराला येत न्हाय म्हून तर दाखवाय न्यायचंय. मग शिकवून कशाला न्यायलीस?”

मी म्हणाले, “तुम्हाला नाही कळायचं.”

माझा हिशोब असा होता. टक्के ठरणार ते ईईजीवर, डॉक्टरांच्या फायलीवर. हे ठोकळे आणि प्रश्न केंद्रवाल्यांसाठी असणार. मुलीत सुधारणा दिसली नाही तर ते म्हणतील, हिच्यावर वेळ कशाला घालवायचा, आणि आमचे मंगळवार-शुक्रवार दुसऱ्या कुणाला देऊन टाकतील. असं कुणी म्हणालं नव्हतं. मी माझ्याच मनानं ठरवलं होतं आणि त्यावर इमारत बांधली होती.

तारखेच्या दिवशी मुलाणी मॅडम म्हणून एक तरुण मानसशास्त्रज्ञ होत्या. रेवानं ठोकळे पटापट बसवले. मॅडमनी घड्याळ बघितलं आणि काहीतरी टिपलं. मला धन्य वाटलं. मग त्यांनी मला प्रश्न विचारायला सुरुवात केली. सोशल मॅच्युरिटी स्केल असं त्याचं नाव. मूल रोजच्या जगण्यात काय काय स्वतः करतं ते घरच्या माणसाला विचारतात आणि त्याचे गुण लावतात.

“स्वतःच्या हातानं जेवते का?”

“हो.”

“कपडे घालते?”

“हो, घालते.”

“संडासला जायचं असलं की सांगते?”

शेजारच्या टेबलावर दुसरी एक आई होती, तिच्या मागं तिसरी. मला वाटलं, या पोरसवदा मॅडमला एवढ्या घरच्या चौकशा कशाला पाहिजेत? ‘नाही’ म्हटलं तर लिहितील, आई शिक्षिका आणि मुलीला घास उचलता येत नाही. “सांगते,” मी म्हणाले.

मॅडमनी एकदा पेन थांबवलं. “ताई, नीट आठवून सांगा. घाई नाहीये.”

मला वाटलं, ही मला फोडायला बघते आहे. उरलेल्या प्रश्नांना मी आणखी जोरात ‘हो’ म्हणाले. खाली सही केली. आयुष्यात तेवढ्याच एका कागदावर मी न वाचता सही केली असेल.

पंचवीस टक्के आले.

पंचवीस टक्क्यांना ‘बॉर्डरलाइन’ म्हणतात, म्हणजे सीमेवर. ओळखपत्र मिळतं, पण चाळीसच्या आत असलं की त्याच्यावर बदलीची सूट नाही, आयकराची सवलत नाही, बहुतेक काहीच नाही. मी ते कार्ड हातात घेऊन तिथल्या पायरीवर बसले. मुलीला ना इकडचं धरलं ना तिकडचं. शाळेत ती बाकीच्यांबरोबर चालू शकत नव्हती आणि सरकारच्या लेखी ती चांगली होती.

कुणीतरी केलं आहे, याबद्दल माझी खात्री होती. फाटकावरच्या माणसाला हाकललं, त्याचा हा सूड. मुलाणी मॅडम त्याला सामील असणार. म्हणून तर पेन थांबवलं, इशारा होता तो. किंवा शिक्षकांपैकी कुणीतरी वर जाऊन सांगितलं असणार, की बदली टाळायला ही नाटक करते आहे. हरी म्हणाला, “आगं, एकडाव इचारून तर बघ त्या मॅडमला.” विचारून काय सांगणार आहेत त्या? चोराला विचारायचं, चोरी केलीस का?

मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. रेवाच्या तपासणीचे सगळे कागद, टिपणांसह, सह्यांसह. रजिस्टर पोस्टानं. एक महिना वाट बघितली. पुढं कळलं, की ते कागद पालकांना खिडकीवर नुसते मागितले तरी मिळतात. तो महिना मी वाया घालवला आणि तेवढ्यात बदल्यांची यादी आणखी जवळ आली. दर मंगळवारी केंद्रात मुलाणी मॅडम समोरून जायच्या, रेवाच्या गालाला हात लावायच्या. मी त्यांच्याकडं बघायचीसुद्धा नाही.

लिफाफा आला तो शाळेच्या पत्त्यावर. घरी आणून उघडला. हरी शेजारी, आत्याबाई चुलीपाशी. मी मोठ्यानं वाचायला लागले, म्हणजे सगळ्यांना कळावं कोणी काय केलं ते.

‘स्वतः जेवते: होय, आईच्या सांगण्यानुसार. कपडे घालते: होय, आईच्या सांगण्यानुसार. शौचास सांगते: होय, आईच्या सांगण्यानुसार.’ असं पानभर. मग शेवटी मुलाणी मॅडमच्या हातचं एक वाक्य होतं: ‘फॉर्म बोर्डवरील वेग इतर निरीक्षणांशी जुळत नाही, सराव झालेला असावा, पालकांनी सर्व उत्तरे ठामपणे दिली, पालकांची इच्छा असल्यास पुनर्तपासणी सुचवावी.’ आणि खाली सही. वळणदार, शिक्षिकेची. माझी.

ते वाक्य मी मोठ्यानं वाचू शकले नाही. हरीनं कागद माझ्या हातातून घेतला, वाचला आणि घडी घालून परत दिला. कोपऱ्यात त्यानं केलेला पाट उभा होता, त्याकडंही त्यानं बघितलं नाही. आत्याबाईंना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, “काय लिवलंय? कुनी केलं?”

“मी,” मी म्हणाले, आणि मला रडू कोसळलं. इतकी वर्षं सगळ्या जगावर संशय घेतला, एका माणसाला तेवढं सोडलं होतं.

पुन्हा तपासणीचा अर्ज कसा करायचा ते मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असेल असा एकच माणूस होता. रविवारी मी जगताप सरांच्या घरी गेले. दारातच त्यांची मुलगी बसलेली होती, वीस वर्षांची. तिनं माझा पदर धरला आणि सोडलाच नाही. तिच्या आईनं हात जोडून म्हटलं, “राहू द्या बाई, तिला पदराचा काठ लई आवडतो. आपसूक सोडंल.” मी तशीच जमिनीवर बसले. आणि पाणी प्यायच्या आधी सांगून टाकलं, “सर, तुमच्याविरुद्धचा तो अर्ज मी लिहिला होता.”

“म्हाईत हाय की,” सर म्हणाले. “एवढी चांगली भाषा आपल्या केंद्रात दुसऱ्या कुनाची हाय? आमच्या मंडळी तर म्हनल्या, शिव्या बी कशा नेटक्या घातल्यात बगा.”

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सरांनी विषय बदलला. ते म्हणाले, “तुमचं काम सांगा.”

काम सांगितलं. त्यांनी मला जे सांगितलं ते तुमच्यासाठीही लिहिते, पण माझ्यावर विसंबू नका. नियम बदलतात, कलमांचे आकडे बदलतात, तुम्ही त्या-त्या कचेरीत स्वतः विचारून घ्या. टक्के चुकले वाटले तर पुन्हा तपासणी मागता येते, त्यासाठी भांडावं लागत नाही. आयकरात दिव्यांग मुलाच्या पालकाला वजावट आहे. शाळेत दर वर्षी आयकराचा तक्ता भरताना तो रकाना मी रेघ मारून सोडत आले होते. पण चाळीसच्या वर टक्के लागतात, आणि जुन्या पद्धतीनं कर भरत असाल तरच ती मिळते, नव्या पद्धतीत नाही. हे मुख्याध्यापकांनाही माहीत नसतं. अशा मुलांसाठी ‘निरामय’ नावाचा आरोग्यविमा आहे, त्यात थेरपीचाही खर्च बसतो. एसटीत मुलाला आणि सोबतच्या माणसाला सवलत आहे. आणि मूल अठराचं झालं की आई-बापालासुद्धा कायद्यानं पालक म्हणून नव्यानं नेमून घ्यावं लागतं, जिल्हाधिकाऱ्यांकडं त्याची समिती असते. “ह्ये आमाला पोरगी अठराची झाल्यावर कळलं. बँकेनं सही चालंना म्हनलं तवा,” सर म्हणाले. मग त्यांनी विचारलं, “बाई, तुमी त्या प्रश्नांना उत्तरं काय दिली होती?”

मी सांगितलं. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, “म्या बी पयल्या खेपंला तसंच केलं होतं. चारचौघांत आपल्या लेकराला न्हाय येत, असं कोन म्हनंल?”

पुन्हा तपासणीच्या दिवशी आत्याबाई सोबत आल्या. टेबलापलीकडं मुलाणी मॅडमच होत्या. मी म्हणाले, “मागच्या वेळी मी खोटं सांगितलं.” त्या म्हणाल्या, “खोटं नव्हतं ताई. तुम्हाला तसं हवं होतं, ते सांगितलंत. बसा.”

“स्वतःच्या हातानं जेवते का?”

रेवा माझ्या मांडीवर होती. माझ्या बांगड्या फिरवत होती. तिला कळत नव्हतं असं लोक म्हणतील, पण मला ते ठाऊक नाही, आणि तिच्या कानाशी मला ते बोलायचं होतं. मी तिच्या फ्रॉकची कड सरळ करत बसले. आत्याबाईंनी तोंड उघडलं, पण मॅडमनी हातानं त्यांना थांबवलं आणि माझ्याकडं बघत राहिल्या.

“नाही,” मी म्हणाले. “घास हातात देते, तो ती खाली टाकते. मी किंवा आत्याबाई भरवतो.”

“कपडे?”

“नाही.”

“संडासचं?”

“नाही. कधी कधी फ्रॉक ओढते. बहुतेक वेळा नाही.”

असे किती ‘नाही’ झाले ते मोजले नाहीत. प्रत्येक ‘नाही’ला वाटत होतं, मी तिच्याबद्दल चुगली करते आहे. तुमच्यापैकी कुणावर ही पाळी आली तर एवढंच सांगेन, की त्या खोलीत मुलाची अब्रू राखायला जाऊ नका. तिथं अब्रू जात नाही. मूल जसं आहे तसं लिहून घेतात, म्हणजे त्याला जे हवं ते मिळावं. आदल्या दिवशी घरात बसून खरी खरी उत्तरं कागदावर लिहून न्या. तोंडानं निघालं नाही तर कागद पुढं करा.

पन्नास टक्के आले. ‘माइल्ड’ म्हणतात त्याला, सौम्य. मी सूट मागितली. आणि आठ दिवसांत कानावर आलं, मधल्या सुट्टीत बोलणं सुरू झालंय: “आधी पंचवीस, मग पन्नास! बाईंनी बरं जमवलं.” मला राग यायला हवा होता. पण बोलणाऱ्याची जागा माझ्या ओळखीची होती, मीच बरीच वर्षं तिथं बसले होते.

मग त्या वर्षी सूट मागणाऱ्या सगळ्यांच्या मुलांना पुन्हा पडताळणीला बोलावलं. म्हणजे यादी लागायच्या तोंडावर पुन्हा एकदा सगळं पणाला. रुग्णालयाच्या लांब व्हरांड्यात आम्ही शिक्षक आपापली मुलं घेऊन बसलो होतो आणि एकमेकांच्या मुलांकडं चोरून बघत होतो. समोर एक मुलगी वेणीला फीत लावून मोबाइल बघत होती. हिला काय झालंय, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला, सवयीनं. मग मी रेवाकडं बघितलं. तिलाही दोन वेण्या घातल्या होत्या, नवा फ्रॉक होता. समोरच्या बाई तिच्याकडं तसंच बघत होत्या. मी त्यांना म्हणाले, “कुठून आलात?” त्या म्हणाल्या, “परंड्याहून. पहाटं निघालो.” मी सरकून त्यांना भिंतीला टेकायला जागा दिली.

आत वयस्कर डॉक्टर होते, सोबत आणखी दोघे. रेवाचं नाव विचारलं, ती बोलली नाही. चेंडू दे म्हणाले, तिनं दिला नाही. मी श्वास रोखून उभी होते, आणि लाज वाटते सांगायला, पण मनात म्हणत होते, नको देऊस. मग तिला कंटाळा आला. तोपर्यंत ती एका वेळी एकच शब्द बोलायची. तिनं माझा हात ओढला, दाराकडं बोट केलं आणि म्हणाली, “आई, घरी.”

दोन शब्द. पहिल्यांदा, एकाला एक जोडून.

ज्याच्यासाठी इतके मंगळवार आणि शुक्रवार घातले ते समोर घडलं, आणि माझी नजर कुठं गेली? डॉक्टरांच्या पेनाकडं. गेले आपले टक्के. आता बदली, आता लोहारा, आता सगळं बंद. आणि यांना वाटणार, बाईंनी मुलीला गप्प बसायला शिकवून आणलं होतं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. “बाई, पोरगी बोलायलीय,” ते म्हणाले. “अन् तुमी माज्या पेनाकडं काय बघायलात? तिच्याकडं बघा.”

मी बघितलं. ती तशीच उभी होती, बोट दाराकडं, कपाळाला आठ्या. “आई, घरी,” ती पुन्हा म्हणाली, या वेळी जरा दटावून. मी खाली बसले आणि तिला छातीशी घट्ट धरलं. ती सुटायला धडपडत होती. बरोबर होतं तिचं, तिला घरी जायचं होतं. मी उठले, तिचा हात धरला आणि सरळ निघाले. मागून कुणीतरी कागद माझ्या हातात दिला.

पन्नास टक्के कायम राहिले, आणि सूटही मिळाली. रेवा अजून मंगळवारी आणि शुक्रवारी धाराशिवला जाते. मुलाणी मॅडमचे मी अजून नीट आभार मानलेले नाहीत, ते इथं मानते.

पडताळणीच्या त्या दिवशीही आत्याबाई सोबत आल्या होत्या. तेरच्या गाडीत बसल्यावर त्यांना राहवेना.

“काय लिवलं गं त्या डॉक्टरनं?”

“वाचलं नाही, आत्याबाई.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या कपाळाला हात लावून बघितला.